नॉक्स कमी करायचाय? आधी हवेचा हिशोब लावा (डेस्कवर नवीन आलेल्यांसाठी)

दरवर्षी ट्रेनी पोरांची नवी बॅच येते आणि पहिल्या पंधरा दिवसांत कोणीतरी विचारतंच, सर नॉक्स कमी करायचा तर नेमकं काय दाबायचं? दाबायचं काहीच नाहीये बाबा. असतं तर एव्हाना आम्ही ते दाबून चहा प्यायला गेलो असतो. विदर्भातल्या एका थर्मल प्लांटच्या बॉयलर डेस्कवर (कंट्रोल रूममधून बॉयलर चालवायची जागा) बरीच वर्षं काढली, त्यातून जे कळलं ते ज्या क्रमाने करावं त्याच क्रमाने लिहितोय. कॉर्नर फायर्ड, म्हणजे चार कोपऱ्यांतून कोळसा मारणारा २१० किंवा ५०० मेगावॉटचा बॉयलर डोळ्यासमोर ठेवून वाचा, आपल्याकडे बहुतेक तेच आहेत.

आधी हा प्रकार होतो कसा ते. नॉक्स म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, धुरात त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग नायट्रिक ऑक्साइडचा आणि उरलेला थोडा डायऑक्साइडचा. पुस्तकात शिकवतात की हवेतला नायट्रोजन १५०० डिग्रीच्या वर ऑक्सिजनशी जुळतो आणि नॉक्स होतो, ते खरं आहे, पण आपल्या पल्व्हराइज्ड कोळशाच्या भट्टीत मोठा वाटा त्याचा नाही. साधारण तीन चतुर्थांश नॉक्स येतो तो खुद्द कोळशातल्या नायट्रोजनमधून, जो कोळशात जेमतेम एक ते दोन टक्के असतो. कोळशाची भुकटी नोझलमधून बाहेर पडली की क्षणात तिच्यातले वायू सुटतात, नायट्रोजनही त्यांच्याबरोबर सुटतो, आणि त्या क्षणी शेजारी भरपूर ऑक्सिजन सापडला तर तो नॉक्स होतो, नाही सापडला तर दोन अणू एकमेकांना धरून साधा नायट्रोजन वायू होऊन निघून जातात. सगळा खेळ या एका क्षणाचा आहे. म्हणून नॉक्स कमी करणं म्हणजे हवा कमी करणं नव्हे (ही चूक फार जण करतात), हवा कुठे आणि कधी द्यायची ते ठरवणं. नोझलपाशी हात आखडता घ्यायचा आणि वर गेल्यावर उरलेली हवा पूर्ण द्यायची.

सुरुवात: तुमचं युनिट कुठल्या रांगेत बसतं

पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना ७ डिसेंबर २०१५ ची. त्यात युनिट कधी बसवलं यावरून तीन गट केले. २००३ संपायच्या आत बसवलेल्यांना ६०० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर, २००४ ते २०१६ मधल्यांना ३००, आणि १ जानेवारी २०१७ नंतरच्यांना १००. मधल्या गटाचं ३०० पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये वाढवून ४५० केलं. त्यामुळे एकाच आवारात दोन नियम चालतात. खापरखेड्याला २१० ची चार जुनी युनिटं ६०० वर आणि २०११ चं ५०० मेगावॉटचं पाचवं युनिट ४५० वर. चंद्रपूरला तीन ते सात नंबर ६०० मध्ये आणि २०१६ ची आठ आणि नऊ ४५० मध्ये. भुसावळचं नवीन ६६० मेगावॉटचं सहा नंबर थेट १०० मध्ये. आपलं युनिट कुठल्या आकड्याला बांधलेलं आहे हे माहीत नसताना ट्रेंड बघत बसण्यात अर्थ नाही.

मग आकडा खरा आहे का ते बघा

हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. अॅनालायझर बहुतेक वेळा पीपीएम दाखवतो, नियम मिलिग्रॅममध्ये आहे, आणि तोही कोरड्या धुरावर आणि सहा टक्के ऑक्सिजनला आणून. तर पीपीएमला २.०५ ने गुणा (सगळा नॉक्स डायऑक्साइड धरून मोजायचा असा रिवाज आहे), मग १५ ने गुणा आणि २१ वजा मोजलेला ऑक्सिजन याने भागा.

समजा चिमणीवर २०० पीपीएम आहे आणि तिथेच ऑक्सिजन ७ टक्के आहे. २०० गुणिले २.०५ म्हणजे ४१०, गुणिले १५ भागिले १४, आलं ४३९. आता हाच हिशोब करताना एखाद्याने घाईत ऑक्सिजनचा आकडा इकॉनॉमायझर आउटलेटचा (धुराने बॉयलरचं पाणी तापवतात त्याच्या तोंडचा) उचलला, कारण डेस्कवर तोच समोर दिसतो, आणि तो ३.५ आहे, तर उत्तर येतं ३५१. एकदम मस्त! फक्त खोटं. इकॉनॉमायझरपासून चिमणीपर्यंत एअर प्रीहीटर (धुराने हवा तापवणारा) आहे, डक्टचे एक्स्पान्शन बेलो (लवचिक जोड) आहेत, इएसपी (धुरातली राख पकडणारं यंत्र) आहे, सगळीकडून बाहेरची हवा आत शिरते, त्यामुळे दोन ठिकाणचा ओटू (म्हणजे ऑक्सिजन) कधीच सारखा नसतो. नॉक्स जिथला, ओटू तिथलाच. हे एवढं जरी पाळलं तरी अर्धे वाद मिटतात. बाकी अॅनालायझरचं झीरो आणि स्पॅन कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं ते इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना विचारा, तो ओला धूर मोजतो की सुका तेही विचारा, कारण तोच आकडा ऑनलाइन सरळ प्रदूषण मंडळाच्या सर्व्हरवर जातोय.

इकॉनॉमायझर आउटलेटला झिर्कोनियाचे प्रोब असतात, डावीकडे आणि उजवीकडे. दोन बाजूंत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक कायम दिसत असेल तर पुढच्या पायरीकडे वळा, पण खात्री करूनच. कधी प्रोबच मेलेला असतो, कधी वरच्या छताच्या सीलमधून हवा शिरत असते आणि प्रोब ती बाहेरची हवा वाचून आपल्याला सांगत असतो की भट्टीत हवा भरपूर आहे.

स्क्रीन सोडा, बॉयलरवर चढा

माझ्यावर एकदा बेतलेलं सांगतो. युनिट स्थिर, लोड पूर्ण, आणि नॉक्स चार दिवसांपासून हळूहळू वर. कोळसा तोच, मिल (कोळसा दळायच्या गिरण्या) त्याच. मी स्क्रीनवर सगळे एसएडीसी डँपर (बर्नरभोवती हवा सोडणाऱ्या झडपा) बघितले, चारही कोपरे कमांडला जुळत होते, ६० म्हणजे ६०. म्हणून मी मिलवर संशय घेतला, मग अॅनालायझरवर, दोन शिफ्ट त्यातच गेल्या. आमचे एक जुने ऑपरेटर होते, रिटायर व्हायला वर्षभर राहिलेले, ते म्हणाले, "सायेब, टीव्हीत काय पाह्यता, चला ना वर." टॉर्च घेऊन गेलो. तीन नंबर कोपऱ्यावर सी आणि डी एलेव्हेशनच्या (बर्नरच्या पातळ्यांच्या) मधला ऑक्झिलरी एअर डँपर, त्याचा अॅक्च्युएटर मस्त हलत होता आणि आतली फळी हलतच नव्हती, कारण लिंकची पिन निसटून खाली जाळीवर पडली होती. स्क्रीनला अॅक्च्युएटरची पोझिशन कळते, डँपरची नाही! तिथून हवा जवळजवळ बंद होती, त्यामुळे तीच हवा बाकी तीन कोपऱ्यांतून जास्त जात होती, फायरबॉल (भट्टीच्या मध्यातला आगीचा गोळा) एका बाजूला सरकला होता. पिन दहा मिनिटांत बसली. पुढच्या दोन तासांत दोन बाजूंचा ओटू एकमेकांच्या जवळ आला आणि नॉक्सही उतरला. त्या काकांनी नंतर आठवडाभर माझ्याकडून चहा वसूल केला.

म्हणून चारही कोपरे, सगळे एलेव्हेशन, खाली वॉकीटॉकीवर डेस्कवाल्याला ठेवून एकेक डँपर ० ते १०० चालवून डोळ्याने बघा. शाफ्टवर फळीच्या दिशेची खूण असते, नसेल तर पुढच्या ओव्हरहॉलला करून घ्या. बर्नर टिल्ट (नोझल वरखाली वळवायची सोय) पण असाच तपासा, चार कोपऱ्यांत एक अडकलेला सापडणं अगदी नेहमीचं. आणि पीप होलमधून (भट्टीत डोकवायच्या भोकातून) बघताना सरळ समोर उभं राहायचं नाही, बाजूने, काच लावून, कारण ड्राफ्ट (भट्टीतला दाब) कधी पॉझिटिव्ह झाला तर ज्वाळ बाहेर येते आणि तिला तुम्ही ट्रेनी आहात की चीफ इंजिनिअर याच्याशी काही देणंघेणं नसतं.

कोळसा आणि मिल

इथे ठरावीक तीन गोष्टी. पहिली फाइननेस, म्हणजे भुकटी किती बारीक, २०० मेशमधून ७० टक्के गेलं पाहिजे आणि ५० मेशवर एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त राहता कामा नये. जाड दाणा राहिला की तो उशिरा जळतो, अनबर्न (राखेत न जळता राहिलेला कोळसा) वाढतो, अनबर्न वाढला की डेस्कवाला घाबरून हवा वाढवतो, आणि हवा वाढली की नॉक्स वाढतो. म्हणजे मूळ दुखणं मिलच्या क्लासिफायरमध्ये (जाड दाणा मागे पाठवणारी चाळण) आणि आपण औषध देतोय एफडी फॅनला (भट्टीत हवा ढकलणारा). दुसरी, एका मिलच्या चार पाइपांतून चार कोपऱ्यांत सारखा कोळसा जातोय का, त्यासाठी क्लीन एअर टेस्ट आणि नंतर कोळसा चालू असताना डर्टी पिटोट टेस्ट, पाइपांमधला वेगाचा फरक पाच टक्क्यांच्या आत आणायचा बघा. ऑरिफिस (पाइपातला प्रवाह सारखा करणारी भोकाची चकती) झिजलेला असला तर आणखी काही करून उपयोग नाही, बदलायलाच लागतो.

तिसरी म्हणजे प्रायमरी एअर (पीए), मिलमधून भुकटी वाहून नेणारी हवा. बाउल मिलला एक किलो कोळशाला साधारण १.८ ते २ किलो हवा लागते. पण पावसाळ्यात काय होतं ते तुम्ही जुलैमध्ये बघालच, वॅगनमधून कोळसा नाही, चिखल येतो, मिल आउटलेट टेंपरेचर पडतं, मिल चोक होईल या भीतीने सगळे पीए फ्लो वाढवून ठेवतात. ही जास्तीची हवा कोळशाच्या अगदी गळ्यात गळा घालून नोझलमधून बाहेर पडते, म्हणजे त्या नाजूक क्षणी नको तिथे ऑक्सिजन. पावसाळ्यात त्याला फार इलाज नाही, मान्य. पण दिवाळी झाली, कोळसा कोरडा झाला, तरी पीए बायस तसाच ठेवलेला मी कितीदा पाहिलाय.

ओटू ट्रिम, इथे घाई नको

एवढं झालं की मगच एकूण हवा कमी करायला हात लावा. क्रम उलटा केला तर ज्या कोपऱ्यात आधीच हवा कमी आहे तिथे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) उसळतो आणि सगळे म्हणतात बघा, ओटू कमी करता येत नाही.

लोड स्थिर ठेवा, निदान दोन तास, लोड डिस्पॅचला (कोणी किती वीज द्यायची ते ठरवणारं केंद्र) आधी सांगून ठेवा नाहीतर मधेच लोड बदलायचा फोन येतो आणि सगळं मुसळ केरात. त्या वेळात सूट ब्लोइंग (ट्यूबवरची राख वाफेने उडवणं) नाही, मिल बदलणं नाही. सुरुवातीचं रीडिंग घ्या: ओटू दोन्ही बाजूंचा, सीओ, नॉक्स, मेन स्टीम आणि रीहीट टेंपरेचर, स्प्रे (वाफ थंड करायचं पाणी) किती चाललाय, मेटल टेंपरेचर, एफडी आणि आयडी (धूर ओढणारा) फॅनचे अँपिअर, आणि फ्लाय अॅशचं सँपल लॅबला. मग ओटू सेटपॉइंट ०.२ ने खाली. पाऊण तास थांबा. पुन्हा सगळं लिहा. पुन्हा ०.२. वहीत हाताने लिहा, ट्रेंडचा प्रिंट काढून कोणी वाचत नाही.

एका टप्प्यापर्यंत सीओ जागचा हलत नाही, आणि मग ०.२ च्या एकाच पायरीत तो झपकन वर जातो. तो गुडघा सापडला की एक पायरी मागे या आणि थोडं मार्जिन ठेवून तिथे थांबा. पूर्ण लोडला तो आकडा बऱ्याचदा ३ ते ३.५ च्या दरम्यान पडतो, पण दुसऱ्या युनिटचा आकडा आणून आपल्याकडे चिकटवू नका. सीओ शंभर पीपीएमच्या आसपास रेंगाळायला लागला तरी मी थांबतो, मग नॉक्स कितीही छान दिसो. रीहीट टेंपरेचर पडायला लागलं तर टिल्ट थोडा वर घेऊन बघा, तोही जपून. आणि एकूण एअर फ्लो ३० टक्क्यांच्या खाली गेला की आपल्याकडच्या बहुतेक बॉयलरला ट्रिप आहे, हे पाठ असू द्या.

आता खरी अडचण सांगतो. डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाला जास्त हवा आवडते. ज्वाळ पांढरी स्वच्छ दिसते, सीओचा अलार्म येत नाही, रात्रपाळी शांत जाते. मी ३.२ वर लावून घरी जायचो आणि सकाळी येऊन बघावं तर ४.५. भांडून उपयोग नाही झाला. शेवटी फॅनचे अँपिअर आणि धुरातून जाणारी उष्णता यांचा रुपयांत हिशोब करून डेस्कवर चिकटवला तेव्हा जरा फरक पडला, कारण जास्तीची हवा गरम करून चिमणीतून सोडायची आणि वर तिच्यासाठी फॅनही जास्त चालवायचा, दोन्हीकडून आपलाच खिसा फाटतो.

हवा वर न्या

हाच खरा मुद्दा. चूल पेटवताना खालून जोरात फुंकलं की लाकूड भडकून जळतं, आणि हलकं फुंकलं तर आधी धूर सुटतो आणि तो वरच्या बाजूला पेट घेतो. आपल्याला भट्टीत तो दुसरा प्रकार हवाय, शिस्तीत.

फुकटात करता येण्यासारखं आधी करा. २१० ला सहा मिल असतात, ए ते एफ, कोळसा बरा असेल तर पाचात लोड निघतो. बंद ठेवायची असेल ती वरची ठेवा. एफ बंद, तिथला डँपर थोडा उघडा, म्हणजे वरून फक्त हवा येते आणि तुम्हाला घरगुती ओव्हर फायर एअर (ज्वाळेच्या वरून दिलेली हवा) मिळाली. मधल्या ऑक्झिलरी डँपरना थोडं दाबा, वरच्यांना सोडा, विंडबॉक्स (बर्नरना हवा देणारी पेटी) आणि फर्नेसमधला डीपी (दाबातला फरक) मात्र मॅन्युअलच्या कर्वपासून भरकटू देऊ नका, तो पडला की हवेला आत घुसायला जोरच राहत नाही.

पैसे घालून करायचं ते म्हणजे लो नॉक्स बर्नर आणि वेगळे ओव्हर फायर एअर पोर्ट. बर्नरच्या वर काही मीटरवर वॉटर वॉलच्या (भट्टीच्या भिंतीच्या) ट्यूब वाकवून भोकं काढतात आणि एकूण हवेतली १५ ते २५ टक्के हवा तिथून देतात. नुसत्या बर्नरने साधारण ३० ते ५० टक्के फरक पडतो, दोन्ही मिळून आणखी. हे काम ओव्हरहॉलमध्येच होतं, प्रेशर पार्टचं वेल्डिंग आहे, हायड्रो टेस्ट आली, बॉयलर इन्स्पेक्टर आले.

पोर्ट उघडले की खालचा पट्टा ऑक्सिजनला उपाशी राहतो, आणि त्याचे हिशोब नंतर येतात. अशा हवेत राखेतल्या लोखंडाचं रूप बदलतं आणि राख कमी तापमानाला वितळायला लागते, मग भिंतीला चिकटते, क्लिंकर धरतो, आणि एक दिवस बॉटम हॉपरमध्ये धाडकन पडतो तेव्हा अख्खा प्लांट हलल्यासारखा वाटतो. दुसरं, ट्यूबची झीज. आपल्या कोळशात गंधक कमी असल्यामुळे ती तेवढी वाईट नसते, पण दर शटडाउनला बर्नर झोनच्या ट्यूबची जाडी मोजायची म्हणजे मोजायचीच. तिसरं, वर आग सरकल्याने स्टीम टेंपरेचर चढतं आणि स्प्रे वाढतो. पोर्ट एकदम १०० टक्के उघडणारे हिरो मी बघितलेत. २० वर एक दिवस, ४० वर एक दिवस, प्रत्येक वेळी पीप होलमधून भिंती बघायच्या, असं जावं.

कमी लोड

हल्ली दुपारी सोलर आली की थर्मलला खाली उतरवतात, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमात ५५ टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के किमान लोड आहे. गंमत अशी की लोड कमी झाला म्हणून नॉक्सचा आकडा पडतोच असं नाही, कारण कमी लोडला ज्वाळ स्थिर राहावी आणि स्टीम टेंपरेचर टिकावं म्हणून ओटू सहा-सात टक्क्यांवर न्यावा लागतो. तेव्हा लोडनुसार ओटूचा कर्व वेगळा ट्यून करा, सकाळच्या सेटिंगवर दुपार काढू नका, आणि न चालणाऱ्या एलेव्हेशनचे डँपर खरंच मिनिममला आलेत का ते बघा, कूलिंगपुरती हवा सोडून.

अमोनियाचे उपाय

भट्टीतलं सगळं करून झालं आणि तरी आकडा भेटत नसेल तरच इकडे. एसएनसीआरमध्ये (कॅटॅलिस्टशिवाय, भट्टीतच अमोनियाने नॉक्स मोडायची पद्धत) साधारण ८५० ते ११०० डिग्रीच्या पट्ट्यात युरियाचं पाणी किंवा अमोनिया फवारतात. पट्टा चुकला की संपलं, वर मारला तर अमोनियाच जळून उलट नॉक्स करतो, खाली मारला तर तसाच निसटून पुढे जातो. मोठ्या भट्टीत लोडबरोबर हा पट्टा वरखाली सरकत राहतो, म्हणून इंजेक्शन दोन-तीन पातळ्यांवर ठेवावं लागतं.

किती युरिया लागतो हे एकदा स्वतः काढा. ५०० मेगावॉटला धूर ताशी सुमारे २० लाख नॉर्मल घनमीटर. ४५० वरून ३०० वर यायचं तर १५० मिलिग्रॅम काढायचे, म्हणजे ताशी ३०० किलो नॉक्स. कागदावर एक किलोला ०.६५ किलो युरिया, म्हणजे १९५ किलो. पण एसएनसीआरमध्ये टाकलेल्यातला ४० टक्केच कामी आला असं धरलं तर ताशी ४९० किलोच्या आसपास, दिवसाला जवळपास १२ टन. ४५ किलोची गोणी धरली तर रोज २६० गोण्या. शेतकऱ्याची नीम कोटेड सबसिडीची गोणी इथे वापरता येत नाही, टेक्निकल ग्रेडच घ्यावा लागतो, आणि खरिपात कृषी केंद्रापुढची रांग बघितलेल्या माणसाला हा २६० चा आकडा जरा टोचतोच.

एससीआर (तेच काम कॅटॅलिस्टच्या मदतीने) हा मोठा भाऊ. इकॉनॉमायझर आणि एअर प्रीहीटरच्या मधे कॅटॅलिस्टचे थर, टायटॅनियमवर व्हॅनेडियम आणि टंगस्टन, ३०० ते ४०० डिग्री, आणि ८० ते ९० टक्के नॉक्स जातो. १०० चा नियम गाठायला दुसरं फारसं काही नाही. अडचण आपली राख. ३५ ते ४५ टक्के राखेचा कोळसा, त्यात क्वार्ट्झ, म्हणजे कॅटॅलिस्टवर दिवसरात्र सँडपेपर फिरतोय. कमी लोडला तापमान पडलं की निसटलेला अमोनिया आणि सल्फर ट्रायऑक्साइड मिळून अमोनियम बायसल्फेट होतं, चिकट, ते एअर प्रीहीटरच्या बास्केटमध्ये बसतं. डीपी हळूहळू चढतो, आयडी फॅन धापा टाकतो. त्यामुळे एससीआरवर पोस्टिंग झालं तर नॉक्सच्या आधी प्रीहीटरचा डीपी बघायची सवय लावा, आणि अमोनिया स्लिप (न वापरता निसटलेला अमोनिया) दोन-तीन पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका. स्लिप वाढल्याची बातमी कधी कधी डेस्कला सगळ्यात शेवटी कळते, आधी सिमेंटवाल्याचा ड्रायव्हर सायलोखाली नाक दाबून विचारतो, आज राखेला मुतारीसारखा वास काहून येतोय.